दळताना स्फटिकाचं काय होतं?

प्रश्न : इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधाचं गॅमा रूप (त्याच्या स्फटिकांचा एक प्रकार) बॉल मिलमध्ये, म्हणजे कडक गोळ्यांनी दळणाऱ्या भांड्यात, दोन तास फिरवलं. एक्सआरडीतली (क्ष-किरणांनी स्फटिकाची मांडणी ओळखणारी चाचणी) शिखरं जवळपास गायब झाली. महिन्याने तीच पावडर तपासली तर शिखरं परतली, पण जुन्या जागी नाहीत. औषध खराब झालं का?
— एम. फार्म. विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : रेणू बहुधा शाबूत असेल, एचपीएलसीवर (औषधाची शुद्धता मोजणारी चाचणी) खात्री करून घ्या. विस्कटली ती रेणूंची मांडणी. मिलमधल्या गोळ्यांच्या माराने स्फटिक अस्फटिक झाला, म्हणजे रेणूंच्या रांगा मोडल्या. अस्फटिक इंडोमेथासिनचं काच-संक्रमण तापमान (ज्याला काचेसारखा कडक पदार्थ मऊ होऊ लागतो) सुमारे ४२ अंश, म्हणजे तुमच्याकडची मे महिन्यातली दुपार! त्याच्या जवळपास रेणू हलू लागतात आणि पुन्हा रांगा धरतात. ओल शिरली तर हे तापमान आणखी उतरतं. एक्सआरडीत ८.४ अंश टू-थीटाला (किरण वळण्याचा कोन) शिखर असेल तर ते आल्फा हे दुसरं स्फटिकरूप, गॅमाचं ११.६ ला येतं.

वहीत आरपीएम आणि वेळ सगळेच लिहितात, भांड्याचं तापमान कुणी लिहीत नाही. खरा घोळ तिथेच. ४ अंशांवर दळलं तर माल अस्फटिक होतो; ३० अंशांवर तासन्‌तास दळलं तर गॅमाचं थेट आल्फा होऊ शकतं. म्हणून ५ मिनिटं मिल, १० मिनिटं बंद. १५, ३०, ६०, १२० मिनिटांना चिमूटभर नमुना काढा. गार भांडं लगेच उघडू नका, आत दव धरतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नमुना सिलिका जेलसोबत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

एक्सआरडीसाठी किंवा आयआरच्या (अवरक्त किरणांची चाचणी) केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) गोळीसाठी नमुना पुन्हा खलू नका. यात भलेभले फसतात. डीएससीत (नमुना तापवत त्यातली उष्णतेची देवाणघेवाण मोजणारी चाचणी; मिनिटाला १० अंश) वितळण आल्फाची १५५ च्या आसपास, गॅमाची १६१ च्या आसपास दिसेल. पण तापवतानाच नवे स्फटिक बनतात, तेव्हा एकट्या डीएससीवर निकाल देऊ नका.

प्रश्न : बारीक दळलेलं लॅक्टोज (दुधातली साखर) पावसाळ्यात ड्रममध्ये ढेकळं धरतं. चाळून भरलं तरी तेच.
— वाळूज

उत्तर : चाळणीचा दोष नाही. दळताना कणांची वरची साल अस्फटिक होते, ती पाणी ओढते, मग पुन्हा स्फटिक बनताना पाणी सोडते आणि शेजारचे कण सांधले जातात. हे ड्रममध्ये होण्याआधी ट्रेमध्ये होऊ द्या : पातळ थर, २५ अंश, ५० ते ६० टक्के आर्द्रता. थोडा नमुना वजनकाट्यावर ठेवा. वजन आधी चढेल, मग उतरेल. ते स्थिर झालं की चाळा आणि दुहेरी पॉलिथिन पिशवीत भरा.