बायबल वाचताना देव बोलतो, म्हणजे नेमकं काय होतं?

ताई, तुम्ही विचारलंय की वर्षभरात बायबल संपवायचं म्हणून रोज तीन-चार अध्याय वाचता, मंडळीत बाकीचे ‘प्रभू माझ्याशी बोलला’ अशी साक्ष देतात आणि तुम्हाला मात्र काहीच जाणवत नाही. मग पवित्र आत्मा बोलतो तो कसा?

माझ्याबाबतीत घडलं ते सांगतो. मी रोज कल्याणहून दादरला येतो, वाचन गाडीतच होतं. काही वर्षांपूर्वी गावच्या घरावरून माझं आणि दादाचं बोलणं बंद होतं. तेव्हा मी बायबल उघडायचो ते माझीच बाजू खरी आहे असं देवानं म्हणावं म्हणून. वैऱ्यांविरुद्धची स्तोत्रं शोधून शोधून वाचायचो. एक दिवस क्रमानं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे मत्तयानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, पाचवा अध्याय आला. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, ‘प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर’. संडे स्कूलपासून पाठ असलेलं वचन! पण त्या दिवशी ठाणं गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, तिथे ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध’ असं लिहिलेलंच नाही. ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं आहे. दादानं माझं काय काय केलं याचा हिशेब माझ्याकडे तयार होता. त्याच्या मनात काय असेल, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आठ महिने त्यांचं सगळं दादा-वहिनींनी केलं; मी पैसे पाठवत राहिलो आणि तेवढं पुरे समजलो.

आवाज वगैरे काही आला नाही. पुस्तक मिटलं, पण पुढचे तीन दिवस ते वाक्य मनातून जाईना. चौथ्या दिवशी दादरला उतरून प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहिलो आणि फोन लावला. घराचा प्रश्न त्यानंतरही वर्षभर रेंगाळला, पण बोलणं सुरू झालं.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हणतो, आणि तो शिकवील व मी सांगितलेल्या गोष्टींची आठवण करून देईल असं सांगतो (14:26). आठवण करून द्यायला आधी वाचलेलं असावं लागतं. म्हणून तुमचे ते कोरडे वाटणारे अध्याय वाया जात नाहीत, हे मनापासून सांगतो. कवी नारायण वामन टिळकांना 1893 साली रेल्वेत एका अनोळखी सहप्रवाशानं नवा करार दिला. ते वाचत गेले आणि खिळले ते डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे याच मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एक धोका मात्र आहे. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि नोकरी-लग्नाचे निर्णय घ्यायचे, याला मी संभाषण म्हणणार नाही. यिर्मया 29:11 घराघरांत भिंतीवर असतं: तुमच्या हिताचे संकल्प. पण ते यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच पत्रात 70 वर्षं सांगितली आहेत. घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा असंही सांगितलंय. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या माझ्यासारख्याला अकराव्या वचनापेक्षा हे सातवं वचन जास्त लागू पडतं.

आणि जे ऐकू आलं असं वाटतं, ते एकट्यानं ठरवू नका. लहानग्या शमुवेलाला देवानं हाक मारली तेव्हा तो तीनदा आपल्या गुरूकडे, एली याजकाकडेच धावला. ही हाक कुणाची, हे म्हाताऱ्या एलीनं ओळखलं. नंतर जो निरोप आला तो तर एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, आणि तरी एलीनं तो मुलाकडून पूर्ण ऐकून घेतला. असं एखादं वडीलधारं माणूस मंडळीत शोधा.

सध्या वर्षाचा तक्ता बाजूला ठेवा. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, 16च अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, शक्य तर मोठ्यानं वाचा. जिथे टोचेल किंवा राग येईल तिथे थांबा आणि साध्या मराठीत विचारा, ‘प्रभू, हे मला का लागलं?’ त्या दिवशी पुढे वाचू नका.