पाइपांचं सर्वेक्षण, मोजणी की मोजमाप?

प्रश्न असा आला आहे: समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मच्या नूतनीकरणात जुन्या पोलादी पाइपांचा आणि फिटिंगचा (पाइप जोडणाऱ्या भागांचा) मिलिमीटरपर्यंत सर्व्हे करतात, त्याला ‘अचूक सर्वेक्षण’ म्हणावं का?

मी ‘काटेकोर मोजमाप’ म्हणेन. सर्वेक्षण म्हटलं की मतदारांची नाहीतर पिकांची माहिती गोळा करणं आठवतं. पाहणी नुसत्या नजरेनंही होते. जमिनीसाठी ‘मोजणी’ रुळला आहे, टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर मोजणारं यंत्रही दोन्हीकडे तेच. पण ‘पाइपांची मोजणी झाली’ असं लिहिलं, तर वाचणारा विचारेल, किती भरले?

इथलं काम वेगळं आहे. जुन्या तुकड्याच्या जागी बसवायचा स्पूल, म्हणजे एल्बो (वळणाचा तुकडा), फ्लँज (दुसऱ्या पाइपला बोल्टनं जोडायची चकती) वगैरे जोडून तयार केलेला पाइपचा भाग, किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये बनतो. चालू प्लॅटफॉर्मवर पेट घेणारा वायू असतो, म्हणून तिथं कापणं-वेल्डिंग होता होईल तो टाळतात. स्पूल नेल्या नेल्या बसायला हवा. त्यासाठी दोन फ्लँजमधलं अंतर पुरत नाही. प्रत्येकाचा मध्य, तोंडाचा कल आणि बोल्टची भोकं किती फिरली आहेत, हेही लागतं. एएसएमई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या बी ३१.३ या पाइपकामाच्या संहितेत समोरासमोरची भोकं फार तर ३ मिमी सरकलेली चालतात, आणि तोंडांच्या समांतरपणात २०० मिमीला १ मिमी एवढीच सूट आहे. सहा इंची, १५० क्लासच्या (क्लास म्हणजे दाबाची श्रेणी) फ्लँजचं बोल्ट-वर्तुळ २४१.३ मिमी व्यासाचं. फ्लँज दीड अंश जरी फिरला, तरी भोक ३ मिमीच्या पलीकडे जातं.

आता ‘काटेकोर’ का, ‘अचूक’ का नाही? अचूक म्हणजे खऱ्या मापाला धरून असलेलं. काटेकोर हा गुण माप घेण्याच्या रीतीचा. टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमचा स्थिरांक, म्हणजे अंतरात धरायची ठरलेली दुरुस्ती, यंत्रात चुकीचा भरला, तर त्या प्रिझमवर घेतलेलं प्रत्येक अंतर सारख्याच फरकानं चुकतं. दहा वेळा मोजा, आकडे एकमेकांशी छान जुळतील आणि दहाही चूक असतील. अशा वेळी ‘मोजमाप काटेकोर होतं, माप अचूक नव्हतं’ हे मराठीत सरळ सांगता येतं, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले की ती हातची जाते.

‘फिटिंग’ला पर्याय शोधू नये. फक्त ‘फिटिंगचं मोजमाप’ऐवजी ‘पाइप-फिटिंगचं मोजमाप’ लिहावं, नाहीतर बसवण्याच्या कामाचं मोजमाप असा अर्थ लागतो.