चंद्रीला कधी सोडायचं

बाळा,

चंद्रीला बग्गीच्या कामातून कधी सोडायचं, हे विचारायला रविवारी तू आलास आणि चहा निम्मा ठेवून गेलास. तू गेल्यावर काकू माझ्यावर उखडली. "पोरगं रडायच्या बेतात होतं आणि तुम्ही त्याला दातांच्या गोष्टी सांगत बसलात!" म्हणून लिहितोय. तुझा घोडीवर जीव आहे की नाही, हा प्रश्नच नाही. नसता, तर सहा वरातींचा विसार खिशात असताना तू माझ्याकडे आला नसतास.

तरी दातांपासूनच सुरुवात करतो. तू चंद्रीचं वय सोळा सांगितलंस. तुझ्या वडिलांना दलालाने जे सांगितलं, त्यावरून हिशोब केलेलं. मी तिचा ओठ उचलून पाहिला. वरच्या जबड्यातल्या कडेच्या पुढच्या दातावर एक उभी खाच असते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीशी दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला खालच्या टोकाला पोचते आणि मग वरून पुसत जाते. चंद्रीची वरून पुसायला लागलीय. हा अंदाजच, थोडा इकडेतिकडे. पण सोळा नाही रे.

तू म्हणालास, "काका, बग्गी बाहेर काढली की ती आपणहून दांड्यांत येऊन उभी राहते. तिला काम आवडतं." अरे, मी अजून पहाटे चारला उठतो. तबेला बंद करून सात वर्षं झाली, खरारा करायला समोर कुणी नाही. म्हणून मला वरातीला जायचंय असं समजशील का? सवय आहे ती. घोडं दुखणं लपवतं, कारण कळपात लंगडणाऱ्यावर आधी झडप पडते. ती सांगेल म्हणून वाट बघत बसलास, तर तिने सांगेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. चांगल्या दिवशी सोड. दाण्याच्या बादलीचा आवाज आला की कान टवकारून मान बाहेर काढते ना, अशा दिवशी.

माझ्या जुन्या घोड्याला, बारक्याला, तू पाहिलेलं नाहीस. नाव बारक्या, पण मान उचलली की डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. नाना पेठेतल्या तबेल्यात त्याच्या पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूने, सोलल्याच्या जखमा दिसायला लागल्या. मी घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला झापलं, फरशी घसरत असेल म्हणून पेंढा वाढवला. जखम भरली की पुन्हा तिथेच. हिवाळाभर हेच. मग एका कार्यालयाबाहेर वरात अडली. पोरं तासभर नाचत होती. बारक्या दांड्यांत मान खाली घालून उभा होता, आणि एकदम पुढचे गुडघे दुमडून खाली आला. नवरदेव पुढे कलंडला. बँडवाला म्हणाला, "याला पण पाजली काय?" सगळे हसले. मीही हसलो.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. बारक्याचे सांधे इतके धरले होते की खाली बसल्यावर उठणं त्याला जमेना, म्हणून तो बसायचंच टाळायचा. कित्येक महिने. झोप अनावर झाली की उभ्याने कोसळायचा, घोटे सोलून घ्यायचा आणि पुन्हा उभा. आणि मी पेंढा वाढवत होतो.

तुझ्या आजोबांनी आदल्या दिवाळीतच मला सांगितलं होतं, सोड त्याला. मी म्हटलं, एवढा एक हंगाम. बग्गीचे हप्ते होते, धाकटीची फी होती, दुसरा घोडा घ्यायला पैसे नव्हते. तुला सबबी वाटतील. सबबी नव्हत्या, खरंच नव्हते पैसे! पण त्या दिवाळीत बारक्या चांगला होता. तोच दिवस होता सोडायचा.

तू नियमांचंही बोललास. 1965 च्या नियमांप्रमाणे जनावर दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांवर नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन नाही. तुझी वरात संध्याकाळची, दोन तासांची. बसते नियमात. पण नियमाला तिचे दात कुठे माहीत! आणि मुंबईत 2015 साली हायकोर्टाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला लावल्या, इथेही कधीतरी तसं होईल, तोवर चालवू, हे माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस.

आता बघायचं काय ते ऐक. कडक, सपाट रस्त्यावर तिला दुडक्या चालीने तुझ्याकडे आणायला सांग. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर उडते. मागचा पाय सैल सोडून उभी असेल तर आराम करतेय. पुढचा पाय पुढे टाकून उभी असेल तर दुखतंय. चारा चावून त्याचे ओले गोळे खाली टाकते का बघ. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेव. शांत असताना मिनिटाला 28 ते 44 ठोके हवेत, वरातीनंतर अर्ध्या तासात 60 च्या खाली यायला हवेत. यातलं एक जरी चुकलं तरी डॉक्टरांना बोलाव. आणि काहीच चुकलं नाही तर? मग तर झालंच. तोच चांगला दिवस, तेव्हाच सोड.

सोड म्हणजे विक नव्हे. बाजारात नेलीस की दुसऱ्याच्या गाडीला लागेल. खुंट्याला बांधूनही ठेवू नकोस, सांधे आणखी धरतील. रोज सकाळी अर्धा तास मातीवर चालव. हरभरा त्याच दिवसापासून कमी कर. काम थांबलं आणि खुराक तोच राहिला तर अंग आखडतं, खूर बिघडतात. नाल काढ, पण नालबंद सोडू नकोस, सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटावेच लागतात. एकटी ठेवू नकोस, सोबतीला शेळीसुद्धा चालते.

बारक्याला मी सासवडजवळ मेव्हण्याच्या रानात चार वर्षं पोसला. मेव्हणा अजून ऐकवतो. त्या खर्चासाठी बग्गी विकली. लोक म्हणाले, घोडा विकून बग्गी ठेवायची, तर याने उलटंच केलं. मला पश्चात्ताप नाही. थोडा आहे. पितळी कंदिलांची होती रे ती.

विसार परत करावा लागेल. तुळशीच्या लग्नाला अजून वेळ आहे, माझ्या ओळखीचे दोन बग्गीवाले तारखा घेतील. शिव्या खायला मी बरोबर येतो. त्याआधी आज रात्री दोनच्या सुमारास तबेल्यात जा. दिवा लावू नकोस, हाक मारू नकोस. ती आडवी आहे की उभी, एवढंच बघून ये. लगेच फोन करू नकोस, काकू उठते. चारनंतर कर.