दहा इंची वूफर घेण्याआधी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढा

भाऊ, दहा इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, घेऊ का असं विचारलंत, पण त्याचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेल्या १२ एमएम प्लायचे दोन बॉक्स केले, बाहेरून १२ बाय १२ बाय १८ इंच. प्रत्येकात ८ ओहमचा आठ इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर. मागे ‘हवा जायला’ तीन इंची भोक. आवाज वाढवणाऱ्या एलए४४४० या आयसीचे (चिपचे) दोन बोर्ड, ब्रिजमध्ये, म्हणजे आयसीचे दोन्ही भाग मिळून एकच स्पीकर चालवतात असे, एकेका बाजूला एक. त्याच टर्मिनलवर जुन्या म्युझिक सिस्टीमचे ४ ओहमचे बॉक्सही लावलेत. बास, म्हणजे खालचे जाड सूर, नाही, जो आहे तो एकाच सुरात घुमतो, आणि हीटसिंकला (आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) हात लावता येत नाही. मग जाता जाता एक वाक्य: ‘एकच बॉक्स चालू ठेवला तर बास जरा बरा वाटतो.’

हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. दुसरा बॉक्स लावल्यावर बास वाढायला हवा. तुमच्याकडे तो घटतोय, म्हणजे एका वूफरचा कोन (समोरचा हलणारा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातोय. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. वरच्या सुरांत हे पटकन कळत नाही, कारण त्यांच्या लाटा आखूड. खोलीत कुठे त्या जुळतात, कुठे नाही. पण ८० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांची, लाट सव्वाचार मीटर लांब असते, तुमच्या खोलीहूनही मोठी. तिच्या हिशेबी दोन्ही बॉक्स जवळजवळ एकाच जागी ठेवलेले, त्यामुळे वजाबाकी बऱ्यापैकी पुरी होते.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. अॅम्प्लिफायर बंद करा, त्याच्याकडच्या वायरी सोडवा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. बॉक्सच्या लाल टर्मिनलला सेलचं प्लस, काळ्याला मायनस, क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. उजेड तिरका पडेल असं उभं राहा, हालचाल बारीक असते. दोन्ही बॉक्सवर एकच उत्तर यायला हवं. मग हीच चौकशी वायरीच्या अॅम्प्लिफायरकडच्या टोकापासून पुन्हा करा, कारण पुष्कळदा चूक वायरीतच असते. दोन्ही पदर एका रंगाचे असले की एका पदरावर बारीक रेघ किंवा उंचवटा असतो. तो शोधायचा कंटाळा केला की हे होतं. ट्विटरला मात्र सेल लावू नका, कळणार तर काहीच नाही.

वूफरवर प्लसची खूण म्हणून असलेल्या लाल ठिपक्यावरही विश्वास ठेवू नका. पंचवटीत आमच्या गल्लीतल्या गणपतीला मी चार बॉक्स केले होते. आरतीच्या आदल्या रात्री वाजवून पाहिले तर तबला नुसता टिकटिक करतोय, डग्गा गायब. अॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेला, त्या माणसाने आऊटपुटचे ट्रान्झिस्टर बदलले, पैसे घेतले, फरक शून्य. शेवटी एका पोराने टॉर्चचा सेल लावून बघितला, तर चारातल्या दोन वूफरांना कारखान्यातूनच ठिपका उलट्या टॅगवर (वायर जोडायच्या पट्टीवर) दिलेला. सोल्डरिंगचं दहा मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून वूफर नवा असो की जुना, सेल लावून मी स्वतःची खूण करतो आणि मगच बॉक्समध्ये बसवतो.

आता तापण्याचं. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा; तो जितका कमी तितकं आयसीवर ओझं जास्त. ८ ओहमच्या बॉक्सला ४ ओहमचा समांतर जोडला की ८ गुणिले ४ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. ब्रिजमध्ये आयसीच्या दोन्ही बाजू एकाच स्पीकरला विरुद्ध दिशेने ओढतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला अडथळा निम्माच दिसतो: १.३३ ओहम. एलए४४४० ब्रिजमध्ये ४ ओहमला १९ वॉटसाठी बनवलेली आयसी आहे. तिच्यावर हा भार म्हणजे एका हमालाच्या डोक्यावर दीड जणांचं ओझं. जुने बॉक्स आजच काढा. सीरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावून बघू का, हा पुढचा प्रश्न येणारच, तर नको. बेरीज १२ ओहम होईल, आयसी थंड राहील, पण स्पीकरचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात आणि दोन वेगळ्या जातीचे बॉक्स सीरीजमध्ये एकमेकांचा आवाज बिघडवतात. जुनेही ऐकायचे असतील तर एक टू-वे स्विच लावा: एका वेळी ही जोडी किंवा ती. आणि ब्रिजच्या जोडणीत स्पीकरचं मायनस म्हणजे अर्थिंग नव्हे. ते चॅसीला किंवा दुसऱ्या बोर्डाच्या मायनसला जोडलंत तर आयसी गेली म्हणून समजा.

हे दोन उद्योग झाले की अर्धी तक्रार मिटेल. उरतो तो घुमणारा बास, आणि तो आहे त्या भोकामुळे.

मागचं भोक हवा ‘जाण्यासाठी’ नसतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरलेला सूर निघतो, तसाच बॉक्समधल्या हवेचा आणि भोकातल्या हवेचा मिळून एक सूर ठरतो. तुमच्या बॉक्सचं आतलं माप २८.१ बाय २८.१ बाय ४३.३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३४ लिटर. मॅग्नेट आणि आतल्या पट्ट्यांचे दोन वजा केले की ३२. त्याला साडेसात सेंटिमीटरचं नुसतं भोक, लांबी प्लायच्या जाडीएवढी, तर सूर येतो ७९ हर्ट्झच्या आसपास. म्हणून गाणं कुठलंही लावा, तुमचा बॉक्स ‘बूम’ एकाच ठिकाणी म्हणतो, आणि त्याच्या खाली वूफरला धरायला कोणी नसतं, कोन नुसता हेलकावतो.

तोच सूर ४५ हर्ट्झवर आणायचा तर भोकाला आतून पाइप लागेल. गणित असं: २३५६२.५ ला पाइपच्या व्यासाच्या वर्गाने गुणा, त्याला हव्या त्या हर्ट्झचा वर्ग आणि लिटर यांच्या गुणाकाराने भागा, आणि उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करा. सगळं सेंटिमीटरमध्ये. साडेसातच्या पाइपला उत्तर येतं १५ सेंटिमीटर. पण ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप आणलात तर ७५ हे बाहेरचं माप असतं. आतून मोजा. आत सात भरला तर लांबी १२.७ वर येते. असा सव्वादोन सेंटिमीटरचा फरक मी एकदा पाइप कापून झाल्यावर शोधला होता.

तरीही मी तुम्हाला पाइप लावा म्हणणार नाही, निदान आत्ता. हलक्या मॅग्नेटचे स्वस्त वूफर बहुधा बंद बॉक्समध्येच शहाण्यासारखे वागतात. कोनला स्वतःच आवरायची ताकद त्यांच्या मॅग्नेटमध्ये कमी असते, पाइपच्या बॉक्समध्ये ते आणखी सैल होतात. कुठला वूफर कुठे बसतो हे अंदाजाने सांगायचा काळ कधीच गेला. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुढे नेलं, आणि चांगल्या वूफरच्या कागदावर आज जे एफएस (मोकळ्या कोनचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (कोन किती सैल आहे त्याचा आकडा), व्हीएएस (कोनच्या लवचिकतेइतकी स्प्रिंग देणारी हवा, लिटरमध्ये) छापतात ते याच दोघांमुळे ‘थील-स्मॉल’ आकडे म्हणून ओळखले जातात. आपल्याकडच्या बाजारातल्या वूफरबरोबर कागदच येत नाही, तिथे आपण मोजायचं.

मोजणं अवघड नाही. वूफर बॉक्समधून काढून हातात किंवा दोरीवर मोकळा धरा. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप, त्यातून अॅम्प्लिफायर, आणि वूफरच्या एका वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर. वूफरच्या दोन टॅगांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर. टोन २० हर्ट्झपासून हळूहळू चढवत न्या. ज्या आकड्याला व्होल्टेज सगळ्यात वर जातं तो एफएस. पिवळा स्वस्त मीटर इथे कामाचा नाही, त्याची एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते आणि तुम्हाला मिलिव्होल्ट वाचायचेत. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून बरा मीटर तासाभरासाठी मागून आणा.

मग भोकावर आतून प्लायचा तुकडा फेविकॉल आणि स्क्रूने पक्का करा, वूफर परत बसवा, आणि तेच मोजमाप पुन्हा. आता आकडा वर गेलेला असेल, कारण बंद हवेची स्प्रिंग कोनला लागली. समजा मोकळा ४५ होता आणि बॉक्समध्ये ७२ झाला. ७२ भागिले ४५ म्हणजे १.६, वर्ग २.५६, एक वजा १.५६, गुणिले ३२ लिटर: व्हीएएस ढोबळमानाने ५० लिटर. अशा वूफरचा क्यूटीएस ०.५ च्या घरात असला तर ३२ लिटरच्या बंद बॉक्समध्ये तो सैलपणाचा आकडा ०.८ वर जातो. पुस्तकी आदर्श ०.७ म्हणतात, त्यासाठी ५० लिटर लागतील; पण दहा बाय बाराच्या खोलीत ०.८ ला कोणी नाक मुरडणार नाही. म्हणजे तुमचा बॉक्स मोडीत काढायचं कारण नाही.

मात्र बंद म्हणजे बंद. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद, सरळ आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स घट्ट आहे. टुणकन आला तर कुठेतरी गळतोय. ५० हर्ट्झचा टोन लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवा, जिथे धूर थरथरेल तिथे भेग. माझ्या अनुभवात गळती सांध्यांत कमी आणि टर्मिनल प्लेटमागे, वायरीच्या भोकात, वूफरच्या कडेखाली जास्त. सांध्यांना आतून फेविकॉलमध्ये भुसा कालवून फासा, वायरीच्या भोकाला एम-सील, वूफरखाली दारांना लावतात ती फोमची पट्टी.

प्लायबद्दल विचारलंत. नाशिक ढोलाचं पिंप वाजायलाच हवं, पानाइतकंच. स्पीकरच्या बॉक्सचं अगदी उलट, फळी वाजली की बिघडलं. बोटाच्या पेराने बाजूची फळी ठोका. तुमची १२ एमएम ढबढब करेल. १८ एमएम दीडपट जाड, पण वाकायला जवळपास सव्वातीनपट कठीण, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. पुढचा बॉक्स १८ चा करा. आत्ताच्याला समोरासमोरच्या फळ्यांमध्ये एक इंच बाय दोन इंचाची काठी घट्ट ठोकून चिकटवा, अगदी मध्यावर नको, थोडी बाजूला. नवीन प्लाय आयएस ३०३ मानकाची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) पुरे, मरीन प्लायवर पैसे घालू नका. पार्टिकल बोर्ड मात्र नको. श्रावणात खिडकीशी ठेवलेल्या बॉक्सची कड पापडासारखी फुगलेली मी पाहिली आहे. आत गादीवाल्याकडचा रेक्रॉन (उशांत भरतात तो कृत्रिम तंतू) सैलसर भरा. कापूस दमट होतो.

ट्विटरवर आलेला छोटा कॅपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा असेल तर ८ ओहमच्या ट्विटरला तो ९ किलोहर्ट्झच्या वरचंच देतो. आठ इंची वूफर तिथवर नीट पोचत नाही, म्हणून गाणाऱ्याचा आवाज पडद्याआडून येतो. ४.७ लावा, तो ४.२ वर येतो. नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) हवा, ५० व्होल्टच्या वरचा. मिळाला नाही तर १० चे दोन साधे कॅपॅसिटर मायनसला मायनस जोडून ५ चा होतो, ही जुनी युक्ती चालते. पुढे कधी बारा डीबीचा तयार क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्विटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) आणलात आणि त्यात ट्विटर उलटा जोडलेला दिसला तर ‘दुरुस्त’ करू नका, तो तसाच असतो. वायर १ स्क्वेअर एमएम तांब्याची पुरे झाली, महागड्या वायरींच्या गोष्टी ऐकायला बऱ्या.

सेलचा निकाल आणि दोन आकडे, मोकळ्या वूफरचा आणि बंद बॉक्समधला, इथे टाका. पाइप लावायचा की नाही ते त्यावरून सांगतो. तोवर पुढची जाळी ठोकू नका. बारीक खिळे उपटताना प्लायची कड सोलून निघते.