घाटात रेस मरते, चावी फिरवली की गाडी ठीक: पंप उतरवण्याआधी हे बघा

दादा, तुम्ही लिहिलंय: २०१२ चं कॉमन रेल डिझेल पिकअप, आंबा घाटात चढणीला मधेच पॅडल दाबूनही रेस येत नाही, चेक लाइट लागतो, गाडी नुसती रांगते. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की काही झालंच नाही अशी पळते. आणि गॅरेजवाला म्हणतो डिझेलचा पंप उतरवू. उतरवू नका. निदान आत्ताच नको.

आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या, तोही बॅटरीची वायर काढायच्या आत, नाहीतर पुरावाच पुसला जाईल. पी ००८७ आला तर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचं प्रेशर कमी पडतंय. मग फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढा, पाइपात हवा घुसते का बघा, आणि पंपाचा विचार त्यानंतर. पी २१२२, २१२७ किंवा २१३८ आला तर भानगड पॅडलकडे आहे. माझा अंदाज हाच, पॅडलचा.

या गाडीला रेसची केबल नसते. पॅडलच्या वर एकाच डबीत दोन सेन्सर असतात, दोन्ही ५ व्होल्टवर चालतात, आणि बहुतेक गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट येतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सतत दोघांची साक्ष ताडून बघतो. साक्ष फुटली की तो रेस बांधून ठेवतो, पुन्हा चावी फिरवेपर्यंत.

माझ्या गाडीने मला दोन महिने रडवलं. मिरकरवाड्यातून मासळी भरायचो, संध्याकाळी पोरगा केबिनसकट गाडी पाइपने धुवायचा. शेवटी कंटाळून नवं पॅडल घातलं. आठ दिवस गाडी सुतासारखी सरळ, नवव्या दिवशी पालीच्या पुढे परत तेच! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: पॅडल बदलताना कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून परत बसवला, त्यात पिना घासल्या गेल्या, आठवडाभराचा आराम त्याचाच. कपलर बाहेरून नव्यासारखा दिसत होता. उन्हात धरून आत बघितलं तर एका पिनेच्या मुळाशी तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक, खसखशीच्या दाण्याएवढा. खाऱ्या हवेत एवढं पुरतं.

तुम्ही असं करा. चावी ऑन, इंजिन बंद. काट्याचा जुना मीटर मिळाला तर उत्तम, कारण क्षणभराची उडी डिजिटलवर दिसतच नाही. कपलर लावलेलाच ठेवून मागून सिग्नलच्या वायरीला मीटर लावा आणि पॅडल अगदी सावकाश दाबा. काटा सलग चढला पाहिजे. मग पॅडल अर्ध्यावर धरून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला वायरिंग हलवायला सांगा, डॅशबोर्डखालून ईसीयूपर्यंत वीत वीत. काटा जिथे थरथरेल तिथेच खोट. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पूर्ण सुकू द्या, पिना सैल असतील तर बदला. आमसुलाने भांडी लखलखतात म्हणून पिनांवर तो प्रयोग करू नका. आंबट आत राहिलं तर महिन्यात पुन्हा कळंक.

अर्थिंगही तपासा. मीटरची एक वायर इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी कुजलीय. ती वरून धडधाकट दिसते, आवरणाखाली तारा काळ्या पडलेल्या असतात.

ब्रेकचा स्विचही बघून घ्या. पाय काढल्यावरही मागचा लाल दिवा मधूनच लागत असेल तर ईसीयूला वाटतं तुम्ही ब्रेक मारताय, आणि बऱ्याच गाड्यांत तो रेस कापतो. स्विच स्वस्त असतो.

तोवर घाटात रेस मेली तर चालत्या गाडीत चावी फिरवू नका. इंजिन गेलं की ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. डावीकडे घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, मगच चावी. भरलेल्या पेट्या असतील तर पोराला आधी दगड घेऊन खाली उतरवा.

कोड काय आला ते लिहा. मीटरचे दोन्ही आकडेही टाका, पॅडल सोडलेलं असताना आणि पूर्ण दाबलेलं असताना, मग पुढचं सांगतो.