ई-अँटिजेन निगेटिव्ह आलं तरी डीएनए तपासाच

भाऊ, हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टमध्ये 'एचबीईएजी निगेटिव्ह' (म्हणजे ई-अँटिजेन हे विषाणूचं प्रथिन सापडलं नाही) वाचून तुमच्या जिवात जीव आला, हे कळतं. पण द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीची कितीही धांदल असली, तरी पिंपळगावहून नाशिकला या आणि एचबीव्ही डीएनएची, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू किती आहे याची, तपासणी करून घ्या. एसजीपीटी ही लिव्हरची तपासणीही सोबतच करा.

हा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं राहतो आणि बदलत जातो. त्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, जेमतेम ३२०० अक्षरांचा. आरएनएवरून डीएनए बनवताना झालेल्या चुका त्याच्या एन्झाइमला दुरुस्त करता येत नाहीत. बऱ्याच चुका विषाणूलाच महागात पडतात, कारण त्याची जनुकं एकमेकांवर चढलेली असतात. एका अक्षराच्या चुकीने दोन प्रथिनं बिघडू शकतात. काही मात्र टिकतात. १८९६ व्या जागी 'जी'चा 'ए' झाला की ई-अँटिजेन बनणंच थांबतं. रिपोर्ट निगेटिव्ह, आणि विषाणू जोरात! भारतात जास्त आढळणाऱ्या 'डी' जनुकप्रकारात हा बदल बराच दिसतो.

लॅमिव्ह्युडिन हे यावरचं जुनं औषध एकटंच दीर्घकाळ घेतलं तर पॉलिमरेजच्या (विषाणूच्या त्याच एन्झाइमच्या) २०४ व्या जागी बदल होऊन ते निकामी ठरू शकतं. टेनोफोविर हे औषध याबाबतीत खूपच भक्कम. पण कुठलीही गोळी सुरू झाली की मनाने बंद करायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. आजार उसळतो, कधी लिव्हरच निकामी होतं.

डीएनएचे जुने-नवे रिपोर्ट जुळवताना विषाणू मोजण्याचं एकक बघा, आययू की कॉपीज. आणि वहिनींची, मुलांची तपासणी याच आठवड्यात करा. ज्यांना संसर्ग नाही, संरक्षणही नाही, त्यांना लस लगेच द्या.