काकणाचं घरटं आणि साठ दिवसांची नोटीस

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शेजारच्या कलमबागेतल्या जुन्या आंब्यावर समुद्री गरुडाचं, त्यांच्याकडे म्हणतात त्या काकणाचं, घरटं आहे. बाग भाड्याने घेतलेल्या रिसॉर्टवाल्याने यंदा त्या झाडाखालीच पाहुण्यांची बसायची जागा केली. रात्री दिवे आणि स्पीकर, दिवसा पाहुण्यांसाठी ड्रोन. डिसेंबरात पक्षी अंड्यांवर बसलेला होता. पत्र लिहिणाऱ्या या वाचकांनी वनरक्षकाला दोन फोन केले, फेसबुकवर लिहिलं, आणि महिन्याभराने मला विचारतात, 'थेट कोर्टात जाऊ का?' गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठून ना कुठून दर हंगामात हे पत्र येतंच.

जाता येईल, पण आज नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 55 वाचा. अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार असेल तर कोर्ट लगेच दखल घेतं. तुमच्या-माझ्यासारख्याने तक्रार करायची तर आधी सरकारला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला किमान साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिचा नमुना 1995 च्या नियमांत ठरलेला आहे, आणि ती रजिस्टर पोस्टाने जाते. वनरक्षकाला केलेला फोन म्हणजे नोटीस नव्हे. फेसबुकची पोस्ट तर नाहीच नाही, मग तिला कितीही लाइक मिळोत. तुमच्या साठ दिवसांतला पहिला दिवसही अजून उजाडलेला नाही.

काकणाची अंडी उबायला चाळीसेक दिवस लागतात. डिसेंबरातच नोटीस टाकली असतीत, तर पिल्लं घरट्यात असतानाच मुदत संपली असती. आता ती संपेपर्यंत पिल्लं उडालेली असतील, किंवा नसतील. म्हणून दोन कागद एकाच दिवशी करा. वनक्षेत्रपालांना लेखी अर्ज द्या आणि त्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. वनखात्याने स्वतः तक्रार केली तर साठ दिवसांचा प्रश्नच येत नाही. दुसरा कागद म्हणजे ती नोटीस, खातं हललं नाही तर उपयोगी पडेल अशी. मुदत मी नेहमी पोच मिळाल्यापासून मोजतो. एखादा दिवस जास्त गेलेला परवडतो.

'पक्ष्याला आम्ही हातही लावला नाही,' हे रिसॉर्टवाला म्हणणारच. त्याला कलम 2(16) दाखवा. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हीसुद्धा 'शिकार'च, आणि काकण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, दंड पंचवीस हजारांपासून पुढे. किमान कैद ठरलेली असल्यामुळे 'साहेबांशी बोलून मिटवतो' हा मार्ग कायद्यानेच बंद केलाय.

मात्र झाडाखालचे दिवे आणि आवाज 'त्रास' या शब्दात बसतात की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कायद्यात मीटरचं अंतर दिलेलं नाही. पक्षी किती वाजता उठला, किती वेळ परतला नाही, तेव्हा खाली काय चाललं होतं, याची तारीखवार नोंद हवी. ड्रोनचा मुद्दा त्या मानाने भक्कम वाटतो. रिसॉर्टचं बांधकाम सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यात येतं का, हे सातबारा आणि नकाशा पाहिल्याशिवाय कोणी विचारू नये. तातडीची मनाई हवी असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. सिंधुदुर्गासाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचते. तारीख लवकर मिळेल असं मात्र म्हणत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर मी कपाळाला हात लावला. 'पुरावा म्हणून मीही मित्राचा ड्रोन घरट्यावर नेऊन शूटिंग केलंय.' अहो, जे कलम त्याच्यावर लावायला निघालात, तेच तुम्हालाही लागू शकतं. ते शूटिंग पुसू नका, कोणाला पाठवू नका, आणि जबाब देण्याआधी जवळच्या वकिलाला दाखवा. यापुढची नोंद स्वतःच्या पडवीतून, दुर्बिणीने.